दंड वाढायचे थांबले? व्यायाम बदलण्याआधी हे तपासा

जिम सुरू केल्यावर पहिले काही महिने दंड भराभर भरतात. मग वाढ थांबते, आणि ती थांबली की बहुतेक मुलं सगळ्यात आधी व्यायाम बदलतात. कुणी मोबाईलवर पाहिलेला नवा कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणण्याचा व्यायाम) धरतो, कुणी ट्रेनरकडून नवं शेड्यूल लिहून घेतो, कुणी रोज बायसेप (दंडाचा पुढचा स्नायू) मारायला लागतो. थोडे दिवस हात दुखतात, काहीतरी होतंय असं वाटतं, पण टेप हलत नाही. दोन महिन्यांनी प्रश्न पुन्हा तोच. लालबाग-परळच्या जुन्या व्यायामशाळेत जा किंवा अंधेरीच्या एसी जिममध्ये, हे चक्र दोन्हीकडे दिसतं. मनापासून मेहनत घेणाऱ्या मुलांची वर्षं यात जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कारण सापडेपर्यंत व्यायाम बदलू नका. दंड न वाढण्याची कारणं मोजकीच आहेत आणि ती वहीतल्या आकड्यांवरून ओळखता येतात. आकडे तीन लागतात: दंडाचा घेर, शरीराचं वजन, आणि कुठल्या व्यायामात किती किलो किती रेपना (म्हणजे एका दमात किती वेळा) उचलले ते. ही वही नसेल तर चार आठवडे आहे तेच शेड्यूल चालू ठेवून आधी ती भरा.

टेप कुठे आणि केव्हा लावायची

व्यायाम झाल्यावर घेर मोजू नका. सेट (न थांबता केलेल्या रेपची एक फेरी) मारल्यावर स्नायूत रक्त भरतं, दंड फुगतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. तो आकडा वाढीचा नाही. सकाळी, हात थंड असताना मोजा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध पेनाने खूण करा आणि दरवेळी त्याच जागी टेप लावा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. एक माप हात सैल सोडून, एक बेटकुळी काढून. उजव्या-डाव्यात थोडा फरक असतोच. त्याच दिवशी कंबरही मोजा, तिचा उपयोग पुढे आहे.

हे चार आठवड्यांतून एकदाच करायचं. सरावलेल्या माणसाची आठवड्याची वाढ इतकी बारीक असते की टेप जराशी तिरकी लागली तरी ती बुडून जाते. दर रविवारी मोजणारा उगाच निराश होतो. वजन मात्र आठवड्यातून तीन-चार सकाळी, काही खाण्याआधी करा आणि त्यांची सरासरी लिहा.

आता वही वाचा. उचल वाढतेय पण शरीराचं वजन महिनोन्महिने तेच, तर अडचण ताटात आहे. उचलही थांबलीय आणि घेरही, तर सेट मारण्याच्या पद्धतीत, त्यांच्या संख्येत किंवा झोपेत घोळ आहे. वजन आणि कंबर वाढतेय पण उचल तिथेच, तर खाणं भरपूर आणि काम कमी. आणि बायसेपचे कर्ल नियमाने वाढतायत, वजनही हळूहळू वर जातंय, तरी घेर हलत नसेल, तर दंडाच्या मागच्या बाजूकडे बघा. मुंबईच्या जिममध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी केस ही शेवटची.

दंडाची मागची बाजू

आरशात बायसेप दिसतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. दंडातल्या स्नायूंचा अर्ध्याहून जास्त भाग मात्र ट्रायसेपचा, म्हणजे मागच्या स्नायूचा आहे. सहा प्रकारचे कर्ल आणि शेवटी उरकल्यासारखे तीन सेट पुशडाऊन (केबल वरून खाली दाबून कोपर सरळ करणं), असं शेड्यूल असेल तर मोठा स्नायू उपाशी आणि लहान स्नायूवर माराच मारा, असा प्रकार होतो.

ट्रायसेपला तीन डोकी असतात. दोन दंडाच्या हाडावरून निघतात, तिसरं, म्हणजे लाँग हेड, खांद्याच्या फऱ्याच्या हाडावरून. त्यामुळे लाँग हेड कोपराबरोबर खांद्याचा सांधाही ओलांडतं, आणि हात डोक्यावर नेला की ते ताणलं जातं. बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) कितीही जड मारली तरी या भागाला पुरेसं काम मिळत नाही. जपानी संशोधकांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबतीत फार बोलका आहे. त्याच माणसांनी १२ आठवडे एका हाताने केबलवर डोक्यामागून एक्स्टेन्शन (वाकवलेलं कोपर सरळ करणं) केलं आणि दुसऱ्या हाताने हात अंगाजवळ ठेवून. डोक्यामागून केलेल्या हाताचा ट्रायसेप साधारण २० टक्के वाढला, दुसऱ्याचा १४ टक्के. आणि डोक्यामागच्या हाताने उचललेलं वजन कमी होतं!

म्हणून पुशडाऊन राहू द्या, पण आठवड्यातून किमान दोनदा डोक्यामागचं एक्स्टेन्शन घ्या. दोरी केबलच्या खालच्या पुलीला लावा, पाठ मशीनकडे करा, एक पाय पुढे टाका आणि कोपर कानाजवळ ठेवा. खाली जाताना दोन सेकंद घ्या, तळाशी ताण जाणवू द्या. केबलपाशी रांग असेल (संध्याकाळी सात ते नऊ असतेच) तर बाकावर बसून एक डंबेल दोन्ही हातांनी धरा. त्याच्या जोडीला क्लोज ग्रिप बेंच (हात जवळ धरून बेंच प्रेस) किंवा डिप्स (दोन दांड्यांवर अंग खाली-वर करणं) ठेवा.

जुन्या आखाड्यांचे जोर ट्रायसेपसाठी चांगलेच आहेत, पण तुम्ही सलग चाळीस-पन्नास मारू शकत असाल तर पाठीवर दप्तर घ्या, त्यात वजन भरा. नाहीतर दम वाढेल, दंड नाही.

पुढच्या बाजूचंही एक सांगतो. बायसेपच्या खाली ब्रेकियालिस नावाचा स्नायू आहे. तो वाढला की दंड समोरून रुंद दिसतो. हॅमर कर्ल (तळवे समोरासमोर) आणि रिव्हर्स कर्लमध्ये (तळवे खाली) त्याला चांगलं काम मिळतं. तळवा वर फिरवणं हे बायसेपचं स्वतःचं काम आहे, म्हणून साध्या डंबेल कर्लमध्ये वर येताना मनगट पूर्ण फिरवा. आणि चिनअप (तळवे स्वतःकडे ठेवून बारला लटकून अंग वर ओढणं) विसरू नका. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब करणारी मुलं एकदा नीट पाहा. अंगाचं वजन हातांवर पेलून त्यांचे दंड आणि पोटऱ्यांसारखे भरलेले पुढचे हात कसे झालेत ते दिसेल.

उचलच अडकली असेल तर

डंबेल कर्लमध्ये अडकण्याचं एक कारण साधं गणिताचं आहे. रॅकवर १० नंतर थेट १२.५ किलोचं डंबेल असतं. म्हणजे एका उडीत २५ टक्के वाढ. बेंचवर ६० चे ६२.५ करताना ती वाढ चार टक्क्यांची असते. लहान स्नायूकडून मोठी उडी मागितली की शरीर वाट काढतं: कंबर मागे झुकते, कोपर पुढे सरकतं, खांदा मदतीला येतो आणि खालचा अर्धा रेप गायब होतो. वहीत १२.५ लिहिलं जातं, बायसेपला मिळतात आठ.

तपासायचं असेल तर भिंतीला पाठ, डोकं आणि कोपरं टेकवून तोच कर्ल करा. नेहमीच्या वजनाने सहा रेपही नीट होत नसतील तर ते वजन तुमचं नाही. खाली उतरा, लाज वाटून घेऊ नका, आणि तिथून रेप वाढवत चढा. त्याच डंबेलने तीन सेट ८ रेपपासून सुरू करा, आठवड्यागणिक एखादा रेप वाढवत तिन्ही सेट १५ पर्यंत न्या, मगच पुढचं डंबेल उचला. ते घेतल्यावर पुन्हा ८ वर याल. ही घसरण नव्हे. बारबेलवर सव्वा किलोच्या प्लेट असतील तर उडी लहान होते. नसतील तर अर्ध्या किलोचा मनगटाला बांधायचा पट्टा स्वतःचा घेऊन जा, फार महाग नसतो.

दुसरं कारण, सेट लवकर सोडणं. रेप ८ असोत की २०, स्नायू वाढतो तो शेवटच्या जड जाणाऱ्या रेपमुळे. सेट संपताना नीट फॉर्ममध्ये आणखी एक-दोनच रेप निघाले असते अशी अवस्था हवी. हा अंदाज बऱ्याच जणांचा चुकतो. महिन्यातून एकदा, केबल किंवा प्रीचर बेंचसारख्या (दंड तिरक्या गादीवर टेकवायचा बाक) सुरक्षित व्यायामात, शेवटचा सेट खरोखर हात थांबेपर्यंत घ्या. दहाला सोडत होतात तिथे सोळा निघाले, तर इतके महिने अर्धंच काम चाललं होतं. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं थांबा, मोबाईल खाली ठेवा.

तिसरं कारण, शनिवारची 'बाय-ट्राय', म्हणजे बायसेप-ट्रायसेप एकत्र. आठवड्याचे सगळे वीस-पंचवीस सेट एकाच दिवशी रचलेले असतात. शेवटचे दहा सेट थकलेल्या हातांनी होतात, आणि शनिवारी साखरपुडा निघाला, गावाला जायचं ठरलं, की त्या आठवड्याचा पूर्ण हिशेब गेला. तेच सेट तीन दिवसांत वाटा. बायसेपचे आठवड्याला ९ ते १२ आणि ट्रायसेपचे १० ते १४ थेट सेट बऱ्याच जणांना पुरतात. रोइंग, पुलडाऊन, बेंच यांतून जे काम होतं ते वेगळंच.

मी मुलांना साधारण असं लिहून देतो. सोमवारी चिनअप, तिरक्या (इन्क्लाइन) बाकावर टेकून डंबेल कर्ल आणि डोक्यामागचं एक्स्टेन्शन. बुधवारी क्लोज ग्रिप बेंच, हॅमर कर्ल, पुशडाऊन. शुक्रवारी प्रीचर कर्ल आणि पुन्हा डोक्यामागचं एक्स्टेन्शन. प्रत्येकाचे तीन सेट, जास्तीत जास्त चार. यात छाती-पाठ-पाय बसवायचेच आहेत, पण दंड हा हेतू असेल तर एक दिवस तरी दंडाचा व्यायाम आधी आणि पाठ नंतर घ्या. ताज्या हातांनी केलेल्या कामाचा फरक वहीत लगेच दिसतो. हे १२ आठवडे बदलायचं नाही.

जिम परवडत नसेल तर महापालिकेच्या उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळेत जिथे बार असेल तो वापरा. तिथल्या हलत्या मशीनना वजन वाढवायची सोय नसते, त्यांवर दंड वाढणार नाहीत. पुस्तकं भरलेलं दप्तर, एक बार आणि वही, एवढ्यावर बरीच मजल मारता येते.

ताटातला हिशेब

साठ किलोचा मुलगा घ्या. सकाळी चहा-पोहे, डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री वरण-भात-पोळी. पोट भरलं, पण प्रथिनं ५० ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे साध्या माणसाला एवढं चालतं. स्नायू वाढवणाऱ्याला मात्र दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या जवळ जावं लागतं, म्हणजे याला साधारण ९६.

ही तूट भरायला डबा पावडर लागतेच असं नाही. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, मूठभर फुटाणे ६. झाले ९६. कोळीवाड्याजवळ राहत असाल तर बांगडा आहेच, १०० ग्रॅमला १९-२० ग्रॅम प्रथिनं आणि सुरमईच्या मानाने कितीतरी स्वस्त. व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची) सोयीची असते, अनिवार्य नाही.

नुसती प्रथिनं वाढवून वजन हललं नाही तर एकूण खाणंही वाढवा: एक पोळी जास्त, भातावर तूप, दुपारी केळी-शेंगदाणे. आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वजन वाढलं तर वेग बरोबर. त्याहून भरभर वाढलं तर कंबरेची टेप सांगेलच.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, हे एक सप्लिमेंट पैशाला जागतं. सुरुवातीला स्नायूत पाणी धरल्याने वजन थोडं वाढतं, ते चरबी समजू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आषाढापासून गणपतीपर्यंत

दरवर्षी हमखास अडकण्याचा काळ हा. मुंबईत राहून तो गृहीत न धरता वर्षाचं शेड्यूल आखणं मला चुकीचं वाटतं.

गुरुपौर्णिमेच्या सुमारास गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. रात्री थर लावताना खांदे, दंड, मनगटं तासभर ताणलेली. ढोलपथकात असाल तर पुढचे हात आणि कोपरं रोज झिजतात. पावसात लोकल बंद पडली की जिम बुडते. त्यात श्रावण: अंडी, चिकन, मासे बंद, सोमवार-शनिवारचे उपास, साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात जवळपास सगळा पिष्टांशच, दाण्याच्या कुटाचं काय ते. आणि मग गणपतीत मंडळाची जागरणं. उचल खाली येते, घेर अर्धा सेंटिमीटर कमी भरतो, मुलगा घाबरतो, आणि अनंत चतुर्दशीनंतर दुप्पट सेट मारून कोपर दुखवून घेतो.

या दिवसांत वाढीचा हट्ट सोडा आणि आहे ते टिकवा. स्नायू वाढवायला जितकं काम लागतं त्याच्या कितीतरी कमी कामात तो टिकतो. सेट निम्म्यावर आणा, दिवस दोन ठेवा, पण किलो कमी करू नका. टिकवून धरतं ते वजन. सरावाच्या दिवशी हॅमर कर्ल आणि रिव्हर्स कर्ल वगळा, पुढच्या हातांना आधीच भरपूर झालंय. श्रावणात अंड्यांच्या जागी ५० ग्रॅम सुके सोया चंक्स घ्या. त्यांत साधारण २६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चार अंड्यांची भरपाई होते. उपासाच्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाणे.

नंतर परत येताना पहिल्या आठवड्यात निम्मे सेट, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. गेलेला घेर पहिल्यांदा कमावला त्याहून पुष्कळ लवकर परत येतो, कारण एकदा वाढलेला स्नायू पुन्हा भरायला कमी वेळ घेतो. दिवाळीपर्यंत बहुतेक जण जुन्या आकड्यावर असतात.

झोप आणि प्रवास

बदलापूर, विरार, पनवेलहून रोज येणाऱ्याने सहा दिवसांचं शेड्यूल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रात्री दहाला जिम, बाराला जेवण, पाचला उठणं, यात उचल थांबणारच. तीन दिवस, पन्नास मिनिटं, आणि बाकीच्या दिवशी सात तास झोप. जिम घराजवळच्या स्टेशनच्या वाटेवर निवडा. उतरल्यावर उलट दिशेला जावं लागलं की पाऊस आणि थकवा जिंकतात.

इंजेक्शनबद्दल

अडकलेल्या मुलाला जिममध्येच कुणीतरी 'एक कोर्स' सुचवतं. नका घेऊ. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. दंड फुगवायला थेट स्नायूत तेल टोचणं तर त्याहून वाईट: गळू होतं, स्नायू कायमचा खराब होऊ शकतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, ती काही उगाच नाही.

कोपर दुखत असेल तर

दंड वाढवताना सगळ्यात आधी कुरकुरतं ते कोपर. आतल्या बाजूला दुखत असेल तर सरळ बारबेल सोडा आणि झेड बार (नागमोडी दांडा) किंवा डंबेल घ्या, मनगटाला मोकळीक मिळते. झोपून करायच्या स्कल क्रशरने (बार कपाळापर्यंत खाली आणून कोपर सरळ करणं) दुखत असेल तर त्याऐवजी केबलवर डोक्यामागून करा, वजन निम्मं, रेप १५ ते २०. पूर्ण विश्रांतीपेक्षा दुखणार नाही इतक्या हलक्या वजनाने काम चालू ठेवलेलं कंडराला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) जास्त मानवतं. आठवड्याचा नियम असा: व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं असेल तर तेच वजन चालू ठेवा, राहिलं असेल तर आणखी उतरवा. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. करंगळीला मुंग्या येत असतील तर त्याआधीच.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. जड वजन उचलताना कोपरापाशी 'टक्' झालं, तिथे काळंनिळं पडलं, बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसू लागली आणि तळवा वर फिरवताना ताकद लागेना, तर बायसेपचा कंडरा तुटलेला असू शकतो. मालिश, शेक, बाम काही करू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, कारण शस्त्रक्रिया लागली तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली सोपी जाते.